मेजरांची सिक परेड

लष्करात मेजर व्हायला म्हणे बरीच वर्षं लागतात. आमच्या सातारा-सांगलीकडे त्याला फक्त एक काळी ट्रंक लागते. ती ट्रंक घेऊन माणूस कायमचा गावी उतरला, की तो फौजेत स्वयंपाकी होता की न्हावी याची चौकशी न करता गाव त्याला मेजर करून टाकतं आणि मरेपर्यंत त्या पदावरून काढत नाही. माझे घरमालक याच रीतीनं मेजर झाले होते. फौजेत ते खेचरांना नाल मारायचे.

मी त्यांच्याकडे राहायला गेले तेव्हा माझ्याकडे पशुवैद्यकाची ताजी पदवी होती आणि तिचा मला फार अभिमान होता. कुपवाडच्या एका वर्कशॉपात लेथवर उभं राहून वडिलांनी मला शिकवलं. घरात पहिली डॉक्टर झाली आणि तीही जनावरांची, यावरचे सगळे विनोद नातेवाइकांनी पदवीच्या आधीच करून संपवले होते. कोंबडीची पिल्लं, त्यांचं खाद्य आणि टॉनिक विकणाऱ्या एका कंपनीनं मला नोकरी दिली आणि इस्लामपूरच्या बाजूला धाडलं. काम सोपं होतं. कंपनीनं शेतकऱ्यांना दिलेली पिल्लं बघत स्कूटीवरून हिंडायचं आणि काही बिघडलं असेल तर टॉनिक लिहून द्यायचं. काही बिघडलं नसेल तरीही द्यायचं.

खोली बघायला गेले तेव्हा मेजर ओट्यावर बसले होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही.

"खोली वर हाय. पानी सकाळचं येतं," ते म्हणाले. "वाईच चालून दावा."

तोवर मी नोकरीच्या तीन मुलाखती दिल्या होत्या आणि लग्नाच्या दोन. त्यातल्या दुसऱ्या प्रकारात चालून दाखवायची वेळ आली होती, पण भाड्याच्या खोलीसाठी हे नवीन होतं. तरी मी तुळशीपासून नळापर्यंत चालले, कारण स्कूटीवर गादी बांधून आणली होती आणि ऊन फार होतं.

"उजव्या पायावर भार टाकतासा. टाच भायरनं झिजलीया. घाईचा मानूस," मेजर म्हणाले. "पन चोर न्हाई. घ्या खोली."

मेजरांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे. "तोंड काय, कुनी बी हसरं करतंय. टाच बगावी," असं त्यांचं मत होतं. गल्लीतली माणसं ते चपलांवरून ओळखत. कुणी नवी चप्पल घेतली की दोन-तीन दिवस त्याला मेजरांकडे आपलं नाव सांगावं लागे. त्यांच्या पुतणीला बघायला एकदा पुण्याहून इंजिनियर मुलगा आला. सगळे पोहे खाऊन झाल्यावर मुलीला काही विचारायचं का, अशी नेहमीची चुळबुळ सुरू झाली, तेवढ्यात मेजरांनी मुलालाच उठवून चालून दाखवायला लावलं. मुलाचे मामा लाल झाले. मुलगा भिंतीपर्यंत गेला आणि परत आला. "ह्ये बूट ह्येचं न्हाईत," मेजरांनी निकाल दिला. बूट खरोखरच मित्राचे होते. लग्न मोडलं नाही, कारण बाकीचं सगळं आधीच जमलेलं होतं, पण तो जावई अजूनही सासरी येताना साधी चप्पल घालून येतो.

मेजरांना लग्नपत्रिकांचं वेड होतं. लग्नाला ते कधी जात नसत. पत्रिका हातात पडली की ती न वाचता आधी वाकवून बघत. कागद पातळ निघाला तर त्या घराण्याविषयी त्यांचं मत तिथंच खाली येई. जाड, कडक, आतून गुळगुळीत नसलेली पत्रिका मिळाली की मात्र "मानसं चांगली हायती" म्हणत ती जपून ट्रंकेत ठेवत. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला आपल्या घरचं फार कौतुक आहे. खरी गोष्ट अशी होती की मेजर त्या पत्रिका कापून कोंबडीच्या पिलांच्या चपला बनवत.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. काही पिल्लं अंड्यातून बाहेर येतात तीच पायाची बोटं मुठीसारखी आत वळवून. अशा पिलाचं पाऊल मेजर पत्रिकेच्या तुकड्यावर ठेवत, एकेक बोट सरळ करत आणि वरून चिकटपट्टी लावत. आमच्या अंगणात त्या दिवशी एक पिल्लू 'चि. सौ. कां.' वर पाय देऊन उभं होतं आणि दुसऱ्याच्या तळव्याखाली 'आपली उपस्थिती हाच आहेर' असं सोनेरी अक्षरात छापलेलं होतं.

रोज सकाळी सात वाजता मेजरांची सिक परेड भरे. फौजेत आजारी जवानांना डॉक्टरपुढे उभं करतात, तिला सिक परेड म्हणतात. इथे जवान चार बोटं उंचीचे होते आणि उभं राहता येत नाही हीच त्यांची तक्रार होती. गावातल्या बायका पदरातून, टिफिनच्या डब्यातून, एकदा तर हेल्मेटमधून लंगडी पिल्लं घेऊन येत. मलकापूरहून एक आजी दोन गाड्या बदलून एक पिल्लू घेऊन आल्या होत्या. पिलाच्या किमतीपेक्षा त्यांचं तिकीट जास्त झालं असणार, पण ते सांगायची हिंमत मला झाली नाही. मेजर मांडी घालून फरशीवर बसत, गाल जवळजवळ जमिनीला टेकवून पिलाचं चालणं बघत आणि हुकूम सोडत. "ह्यो लाईट ड्यूटी. ह्येला पट्टी. ह्यो ढोंग करतोय, धाडा परत."

जी पिल्लं पाय दोन्ही बाजूंना फाकून पोटावर पडलेली असत, त्यांना ते दोन पायांत आडवी पट्टी बांधत. खाली कापूस, वर चिकटपट्टी, आणि दोन पायांत नेमकं तेवढंच अंतर जेवढं निरोगी पिलाच्या पायांत असतं. पट्टी लावली की पिल्लू थोडा वेळ काचेच्या ग्लासात उभं करून ठेवत, म्हणजे त्याला आपले पाय आपल्या खाली आहेत ही गोष्ट कळे. हे ग्लास घरातले चहाचे ग्लास होते. पाहुणे आले की काकू, म्हणजे मेजरांच्या पत्नी, स्वयंपाकघरातून ओरडत, "आवं, दोन पेशंट काढा वाईच, पावनं आल्यात." मी त्या घरात वर्षभर चहा प्यायले. त्याविषयी मी जास्त विचार करत नाही.

सुरुवातीला मी त्यांना शिकवायचा प्रयत्न केला. पदवी नवी असली की माणसाला राहवत नाही. मी जीवनसत्त्वांची नावं सांगितली, अंडी उबवताना तापमान चुकलं तर काय होतं ते सांगितलं, वंशदोष समजावला. मेजरांनी सगळं ऐकून घेतलं.

"बराबर आसंल," ते म्हणाले. "आता ह्येला पुस्तक वाचून दावू का पट्टी लावू?"

त्यानंतर मी अंगणातून जाताना घाईत असल्यासारखं दाखवू लागले.

आमच्या समोरच्या घरात सुनंदा राहायची. तिचा नवरा फौजेत, दूर कुठेतरी बर्फात. तो सुट्टीवर आला तेव्हा त्यानं घरामागे पत्र्याचं एक शेड उभं केलं, आणि सुनंदानं त्यात गावरान कोंबड्या पाळायचं ठरवलं. जमीन मात्र अजून सामाईक होती आणि कागदावर नाव होतं थोरल्या दिरांचं. त्यांना सगळे आप्पा म्हणत. आप्पांना ते शेड ट्रॅक्टरसाठी हवं होतं. घरात बैठक बसली आणि असं ठरलं, की पहिली तीनशे पिल्लं नीट जगवली तर शेड सुनंदाचं, नाहीतर ट्रॅक्टरचं. सुनंदानं मान्य केलं. तिला दुसरं काही विचारलंच नव्हतं. लग्नाआधी ती बालवाडीत शिकवायची, ते सोडून सासरी आली होती, आणि "ह्ये गेलं तर माजं म्हनायला ह्या घरात काय बी न्हाई," हे तिनं मला पिल्लं येण्याच्या आदल्या दिवशी सरळ सांगितलं होतं. पिल्लं माझ्याच कंपनीची होती. मी तिला काळजी करू नका म्हणाले. ते म्हणायला काही लागत नाही.

आप्पा हे साहेबांचे कार्यकर्ते. साहेब म्हणजे कोण ते विचारू नका, प्रत्येक तालुक्याला एक असतो. साहेबांचा वाढदिवस झाला की चौकाचौकातले फ्लेक्स उतरतात आणि मग त्यांचा खरा उपयोग सुरू होतो. कडब्याच्या गंजीवर, गोठ्याच्या छपरावर, उसाच्या रोपांवर, सगळीकडे साहेब पसरलेले असतात. साहेबांनी जनतेला सावली दिली असं भाषणात सांगतात ते आमच्या भागात अक्षरशः खरं आहे.

पिल्लं आली त्या दिवशी जमिनीवर अंथरायचं भाताचं तूस घेऊन येणारा माणूस आलाच नाही. आप्पांनी मोठ्या मनानं घरातले दोन फ्लेक्स दिले. साहेब वर ठेवावेत तर पिल्लं त्यांच्या तोंडावर घाण करणार, खाली ठेवावेत तर साहेब पालथे पडणार, यावर आप्पांनी बराच विचार केला आणि शेवटी कुणाला दिसणार नाही म्हणून साहेबांना पालथं घातलं. वर आली पांढरीशुभ्र, गुळगुळीत पाठ. मी दुपारी गेले. चपलांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून दारात उभी राहिले, आत पाहिलं आणि म्हणाले, "वा, किती स्वच्छ! असंच राहू द्या. पुसायला सोपं."

हे वाक्य मी म्हणाले. ते नंतर मला फार दिवस ऐकू येत राहिलं.

चौथ्या दिवशी सुनंदाचा फोन आला तेव्हा तिला नीट बोलता येत नव्हतं. मी धावत गेले. तीनशेतली एकसष्ट पिल्लं पोटावर पडलेली होती, पाय दोन्हीकडे ताणलेले. उठायला बघत आणि आणखी फाकत. पुन्हा मी दारात उभी राहिले, पुन्हा पिशव्या घातलेल्या होत्या. मी एकही पिल्लू हातात घेतलं नाही. जीवनसत्त्वाची कमतरता असणार, असं सांगितलं, टॉनिक दिलं आणि पडलेली पिल्लं वेगळी काढून टाकायला सांगितलं. "टाकून म्हंजी?" सुनंदानं विचारलं. मी हेल्मेट उचललं.

मग मी स्कूटीवर बसून फोनवरून कंपनीचा अहवाल भरला. त्यात कारणाचे चार पर्याय असत. पहिला रोग. दुसरा शेतकऱ्याची व्यवस्थापनातील चूक. तिसरा कंपनीच्या पिलांतला दोष, तो निवडला की आमच्या मलकापूरच्या ऑफिसातून मॅनेजरचा फोन यायला वेळ लागत नसे. चौथा 'इतर', तो कुणीच निवडत नसे, कारण मग काय झालं ते स्वतःच्या शब्दात लिहावं लागे. मी दुसरा निवडला. ज्या शेतकऱ्याच्या नावावर दुसरा पर्याय पडतो त्याला कंपनी पुन्हा पिल्लं देत नाही, हे मला ठाऊक होतं. पण बोट पडलं आणि अहवाल गेला. त्या क्षणी मला फक्त एवढंच वाटलं, की चला, माझ्यावर काही आलं नाही. हे लिहिताना आजही लाज वाटते.

सुनंदा पिल्लं टाकायला तयार नव्हती. मी स्कूटी सुरू करायच्या आत तिनं मेजरांना हाक मारली, आणि मी परत दारात आले. मेजर आले, दारातच चप्पल काढली, गुडघ्यांवर बसले आणि पहिल्यांदा पिलांना नाही तर जमिनीला हात लावला. तळवा पुढे सरकवला. तो सरकतच गेला.

"कुनी घातलं ह्ये?"

मेजरांनी कोपरा धरून फ्लेक्स उलटला. खालून साहेब आले, दोन्ही हात जोडून, सगळे दात दाखवत, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छांसह.

"ह्येच्या अंगावर कोन उभं ऱ्हानार?" मेजर म्हणाले. "चार दिसांचं पोर हाय त्ये. पायाला धराय काय तरी नगं का? बर्फावर न्हेऊन खेचर सोडल्यागत केलंय."

आप्पा तिथंच होते. त्यांना पिलांचं काही वाटलं नाही, पण साहेबांच्या डाव्या गालावर ओल आली होती ती त्यांना सहन होईना. त्यांनी फ्लेक्स गुंडाळला आणि धुवायला घरी नेला. गुळगुळीत जमिनीवर पिलांचे पाय फाकतात, हे मी परीक्षेत पाच मार्कांना लिहिलं होतं आणि पाचही मिळवले होते.

त्या दिवशी मेजरांची सिक परेड सुनंदाच्या शेडमध्ये भरली. जमिनीवर गोणपाट आलं, त्यावर तूस. काकू कापूस पिंजत होत्या, सुनंदा पट्ट्या कापत होती, आणि मेजरांनी मला पहिल्यांदाच हुकूम दिला. "डॉक्टरीनबाई, त्या पिशव्या काढा पायातल्या आन् खाली बसा." मी बसले. पिल्लू हातात धरलं की त्याचं काळीज बोटाखाली किती जोरात चालतं, हे मी कॉलेजनंतर विसरूनच गेले होते. एकेका पिलाला पट्टी लावायची, ग्लासात ठेवायचं, पाणी उथळ ताटलीत द्यायचं आणि ताटलीत खडे टाकायचे, म्हणजे पडलं तरी बुडणार नाही. काकूंनी घरातले सगळे ग्लास आणले आणि मग शेजारच्यांचेही.

तीन पिलांना मेजरांनी पट्टी लावली नाही. त्यांनी गुडघ्यामागे बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. "ह्येंची शीर जाग्यावरनं सुटलीया. ह्ये न्हाई उठायचं." सुनंदा म्हणाली, बघा की काहीतरी. ते म्हणाले, "खोटं सांगू का तुला?" ती तिन्ही पिल्लं त्यांनी टॉवेलात घेतली आणि स्वतः शेडच्या मागे नेली, दुसऱ्या कुणाला नेऊ दिली नाहीत. परत येऊन हात धुतले आणि पुढचं पिल्लू उचललं.

पुढचे आठ दिवस मी सकाळ-संध्याकाळ पट्ट्या बदलायला जात होते. एरवी इतक्या निष्ठेनं मी काहीच केलेलं नाही. सुनंदा मला चहा द्यायची, "तुमी हायसा म्हनून," असं म्हणायची, आणि मी चहा प्यायचे. अहवालाबद्दल मी बोलले नाही. उद्या बोलू असं रोज ठरवायचे आणि रोज एखादं पिल्लू पट्टी सोडून तुरुतुरु पळायचं, मग एवढ्या आनंदात हे कशाला, असं वाटायचं. भित्र्या माणसाला कारणं फार सुचतात. एकसष्टातली चौपन्न उठली. तीन मेजरांनी नेली होती आणि चार आपली आपण गेली.

रविवारी आप्पा ट्रॅक्टर घेऊन आले. शेडच्या तोंडाशी उभा करून खाली उतरले. सुनंदा दारात उभी राहिली.

"आप्पा, पिल्लं बगा की. फिरत्यात सगळी."

"पिल्लांचं न्हाई बोलत मी," आप्पा म्हणाले आणि त्यांनी फोन काढला. जमिनीसारखाच करारही त्यांच्या नावावर, म्हणून कंपनीचा निरोप त्यांच्याकडे आला होता. त्यांनी तो साहेबांच्या सभेत ठराव वाचतात तसा वाचला. "पिल्ले लंगडी होण्याचे कारण, शेतकऱ्याची व्यवस्थापनातील चूक. सदर शेतकऱ्यास पुढील पिल्ले देण्यात येऊ नयेत. ह्ये मी न्हाई म्हनत, कंपनी म्हंती. खाली डॉक्टरीनबाईंचं नाव हाय."

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. तिच्या हातात पाण्याची ताटली होती, ती तिनं खाली ठेवली नाही. मेजर कोपऱ्यात बसले होते. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"ते मी लिहिलं," मी म्हणाले. "आणि ते खोटं आहे. फ्लेक्स मी पहिल्याच दिवशी पाहिला होता. चांगला आहे, असंच राहू द्या, असं मीच सांगितलं. चूक माझी आहे, हिची नाही."

"आता तुमचं कुठलं खरं मानायचं?" आप्पा म्हणाले. प्रश्न रास्त होता.

मी तिथंच खाद्याच्या पोत्यावर बसले, फोन काढला आणि नवा अहवाल उघडला. चौथा पर्याय निवडला. काय लिहिते ते मोठ्यानं वाचत गेले, म्हणजे मलाच मागे फिरता येऊ नये. जमिनीवर गुळगुळीत फ्लेक्स अंथरला होता. मी तो पाहून योग्य असल्याचं सांगितलं. पिल्लं पडल्यावर मी ती हातात न घेता निदान केलं. आधीचा अहवाल चुकीचा आहे.

आप्पा जवळ आले. "फ्लेक्स कुनाचा हुता त्ये लिवू नका म्हंजी झालं."

तेव्हा सुनंदा पुढे आली. "लिवा बाई. नाव लिवा, फोटो बी लावा. साहेबांच्या फ्लेक्सवर एकसष्ट पिल्लं घसरली, म्हनावं. कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर बी टाकूया."

आप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. साहेबांकडे नवीन कार्यकर्ते फार झाले होते, आणि आप्पांची खुर्ची आधीच मागच्या रांगेत गेली होती. त्यांनी ट्रॅक्टरकडे पाहिलं, शेडकडे पाहिलं, माझ्या फोनकडे पाहिलं.

"शेड ऱ्हाऊ दे तुज्याकडं," ते सुनंदाला म्हणाले. "पन नाव नगं."

अशा रीतीनं सत्याचा विजय झाला. ट्रॅक्टर मागे घेताना आप्पांनी तुळशीची कुंडी फोडली.

सुनंदा त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही. एकदाच, पाण्याच्या नळावर, म्हणाली, "चूक हुती मानसाकडनं. पन रोज माज्या हातचा चा पीत हुता तुमी." मी मान खाली घातली. कंपनीनं तिला दुसरी पिल्लं दिली आणि मला मलकापूरच्या ऑफिसात बसवलं, जिथे जिवंत पिलाशी माझा संबंध येणार नव्हता. प्रामाणिकपणाची कदर करायची आमच्या ऑफिसची ही पद्धत होती.

खोली सोडायच्या दिवशी मी मेजरांचा निरोप घ्यायला खाली आले. ते ओट्यावर एका पिलाच्या पायाची पट्टी सोडवत होते.

"तुम्हाला माहीत होतं ना?" मी विचारलं. "माझ्या पहिल्या अहवालाचं?"

"आप्पा दावून गेलता. दुसऱ्याच दिशी."

"मग मला बोलला का नाहीत? सुनंदाला सांगितलं का नाहीत?"

मेजरांनी पट्टीचा गुंता सोडवला, पिल्लू खाली सोडलं आणि मग पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"मी कुनाला काय सांगनार?" ते म्हणाले. "आमच्या युनिटात एक खेचर हुतं. बिजली. लय गुनी. एकदा घाईत नाल मारताना माजा खिळा आत गेला, जित्या मासात. मला कळलं हुतं. तिनं पाय झटकला. पन सकाळी माल वर धाडायचा हुता, मी तसंच ऱ्हाऊ दिलं. दुसऱ्या दिशी लंगडाया लागली, वज्झं पाठीवर, एका बाजूला दरी. पाय सुटला तिचा. गेली खाली." त्यांनी सुटलेली पट्टी बोटाला गुंडाळली. "साबानं इचारलं, काय झालं? मी म्हनलं, दगड लागला आसंल खुराला. मग त्येनी खेचर चालवनाऱ्या पोराला धरलं. सकाळी खूर तपासलं का न्हाईस म्हनून. गढवाली पोरगं, इसेक वर्सांचं. त्येला शिक्षा झाली. पन त्यो शिक्षेला न्हाई रडला. तिच्यासाटनं रडला. आन् मी त्येच्या शेजारी बसून त्येला बिडी दिली."

मी पायरीवर बसले.

"तुमाला आठ दिस लागलं," मेजर म्हणाले. "मला अडतीस वर्सं झाली. आज पैल्यांदा बोलतोय."

दारात काकू उभ्या होत्या. हातात चहाचं ताट होतं. त्या किती वेळ तिथं होत्या कुणास ठाऊक. त्यांनी ताट खाली ठेवलं आणि मेजरांच्या शेजारी ओट्यावर बसल्या.

"नाव काय त्या पोराचं?"

मेजरांनी नाव सांगितलं. गावही सांगितलं, जिल्हाही सांगितला, एका क्षणाचाही विचार न करता.

"हाय का जित्ता?"

"आसंल. माज्यापरास ल्हान हुता."

काकूंनी चहाचा ग्लास त्यांच्या हातात दिला.

"मग तिकिटं काढा," त्या म्हणाल्या. "दोन काढा. येकलं गेलासा तर तितं जाऊन बी दगडच सांगशीला."